रक्त पातळ करण्याआधी तो एमआरआय नीट पाहा

समजा, सत्तरीच्या एक काकू भाजी चिरायला बसल्या आहेत. उजव्या हाताच्या करंगळीत मुंग्या यायला लागतात. त्या हळूहळू तळव्यात पसरतात, मनगटावरून कोपराकडे चढतात आणि पाच-सात मिनिटांत थेट ओठांच्या कोपऱ्यापर्यंत पोचतात. जीभ जड होते, शब्द अडखळतो. मग मुंग्या आल्या तशा ओसरतात आणि काकू पुन्हा विळी पुढे ओढतात. दोन दिवसांनी परत तेच, त्याच क्रमाने. घरचे घाबरून डॉक्टरांकडे नेतात. सिटी स्कॅन 'नॉर्मल' येतो. 'मेंदूचा छोटा अटॅक होता' असं सांगितलं जातं आणि रक्त पातळ करणारी गोळी सुरू होते.

बऱ्याच रुग्णांसाठी ही गोळी योग्यच असते. पण या काकूंच्या बाबतीत ती मेंदूत मोठा रक्तस्राव घडवून आणू शकते. फरक कळतो तो मुंग्यांच्या चालीवरून. रक्तवाहिनी तुंबून अटॅक येतो तेव्हा हात-तोंड बहुधा एका क्षणात, एकदमच लुळं किंवा बधिर पडतं. इथे लक्षण सरकत गेलं, एका बोटापासून दुसऱ्यापर्यंत, मुंगी चालावी तसं. वयस्क माणसात असं सरकणारं, पुन्हा पुन्हा येणारं लक्षण दिसलं, की मेंदूच्या सालीवर, म्हणजे बाहेरच्या पृष्ठभागावर, रक्ताचा पातळ थर तर पसरला नाही ना, हे बघावं लागतं. आणि तो पसरला असेल, तर त्यामागे बहुधा ज्या आजाराचं नाव निघतं तो म्हणजे सेरेब्रल अमायलॉइड अँजिओपथी. नाव लांबलचक आहे, म्हणून पुढे सीएए म्हणू.

अमायलॉइड-बीटा नावाचं एक प्रथिन आपल्या सगळ्यांच्या मेंदूत रोज तयार होतं आणि रोज बाहेर वाहून नेलं जातं. ते बाहेर जाण्याचा एक रस्ता लहान रक्तवाहिन्यांच्या भिंतींमधूनच जातो. वय वाढलं की हा निचरा मंदावतो आणि प्रथिन भिंतीतच साचत जातं. भिंतीत स्नायूंचा एक थर असतो. रक्ताचा दाब वाढला की तो आवळतो, कमी झाला की सैल होतो. साचलेलं अमायलॉइड हळूहळू हा थरच खाऊन टाकतं आणि त्याची जागा घेतं. जुन्या सायकलची ट्यूब आठवा. रबर वाळलं की ती फुगत नाही, तडकते. या रक्तवाहिन्यांचं तसंच होतं. कधी थेंबभर रक्त झिरपतं, कधी मुठीएवढी गाठ होते.

अल्झायमरमध्येही हेच प्रथिन असतं, पण तिथे ते मुख्यतः पेशींच्या मधल्या जागेत गोळे करून बसतं. इथे ते नळीच्या भिंतीत बसतं. दोन्ही आजार एकाच मेंदूत हातात हात घालून राहतात, हे खूप जणांच्या बाबतीत खरं आहे.

वार्धक्यातला नेहमीचा सीएए काही दुर्मिळ नाही. दुर्मिळ आहेत त्याचे भाऊबंद: भिंतीतल्या अमायलॉइडवर शरीराची प्रतिकारशक्तीच तुटून पडते तो प्रकार, घराण्यातून उतरणारे प्रकार, आणि बालपणीच्या एखाद्या वैद्यकीय उपचारातून पोचलेला प्रकार. हा लेख मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे. यातला पहिला प्रकार औषधाने सुधारतो, आणि तरीही तो 'वयामुळे होतंय' म्हणून सोडून दिला जातो. याची मला मनापासून हळहळ वाटते.

आधी निदानाचा पाया. एमआरआयमध्ये वेगवेगळ्या पद्धतीने चित्रं काढतात. त्यातली एक पद्धत जुन्या रक्ताचा माग काढते, कारण रक्त सुकून गेलं तरी त्यातलं लोह तिथेच राहतं. या पद्धतीला एसडब्ल्यूआय म्हणतात. नातेवाईक प्लास्टिकच्या पिशवीतून फिल्म काढून ट्यूबलाइटपुढे धरतात तेव्हा इतर चित्रांमध्ये काहीच वावगं दिसत नाही. एसडब्ल्यूआयच्या पानावर मात्र मेंदूच्या कडेकडेने मोहरीचे दाणे सांडल्यासारखे काळे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे कधीतरी झिरपलेला रक्ताचा थेंब. मेंदूच्या घड्यांलगत काळी किनार दिसली, तर ते सालीवर पसरून सुकलेलं रक्त. काकूंच्या मुंग्यांचं मूळ बहुधा याच किनारीत असतं.

ठिपके कुठे आहेत यालाही फार महत्त्व आहे. अनेक वर्षांच्या रक्तदाबाने होणारा रक्तस्राव मेंदूच्या खोल भागात होतो. सीएएचा रक्तस्राव कडेला, सालीजवळ होतो. याच धाग्यावर बॉस्टनच्या डॉक्टरांनी निदानाचे निकष बांधले. २०२२ मध्ये आलेल्या त्यांच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार, वय ५० च्या पुढे असेल आणि फक्त कडेच्या भागात दोन किंवा अधिक रक्तखुणा असतील, तर 'बहुधा सीएए' म्हणता येतं. एकच खूण असेल पण सोबत मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागातले ठरावीक बदल असतील, तरीही म्हणता येतं. दुसरं काही कारण नाही ना, हे अर्थातच आधी तपासायचं. मेंदूचा तुकडा काढण्याची गरज क्वचितच उरते.

आपल्याकडे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. भारतात मेंदूतल्या काळ्या ठिपक्यांचं दुसरं एक ओळखीचं कारण आहे: फीतकृमीच्या अळ्या मेंदूत जाऊन, मरून, तिथे चुना साचणं. एसडब्ल्यूआयवर चुनाही काळा आणि रक्तही काळं. साध्या सिटी स्कॅनवर चुना पांढराशुभ्र चमकतो, बारीक जुना रक्तठिपका दिसतच नाही. त्यामुळे शंका आली, की स्वस्तातला सिटी महागड्या एमआरआयच्या मदतीला येतो. आणि 'ब्रेन स्क्रीनिंग' म्हणून झटपट एमआरआय काढला असेल, तर त्यात एसडब्ल्यूआय होतं का, हे विचारायला अजिबात संकोच करू नका. नसेल, तर ठिपके नाहीत असं कुणीच ठामपणे सांगू शकत नाही.

आता दुसरं चित्र. निवृत्त शिक्षक, वय अडुसष्ट. दीड-दोन महिन्यांपूर्वीपर्यंत सोसायटीचे हिशेब सांभाळत होते. मग चेकवर रक्कम चुकायला लागली, सदरा उलटा घालून बाहेर पडले, वाण्याकडून परतताना गल्ली चुकले. डोकं सतत जड. सुनेला वाटलं, विसराळूपणा वाढतोय. एका रात्री फिट आली आणि मग धावपळ झाली. एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या मागच्या भागात मोठा सुजलेला पट्टा. रिपोर्टच्या शेवटी प्रश्नचिन्हासकट लिहिलेलं: गाठ?

घरात जी शांतता पसरते ती ज्यांनी अनुभवली त्यांनाच ठाऊक. पण एसडब्ल्यूआय पाहिल्यावर त्या सुजेच्या आत आणि आजूबाजूला काळे ठिपके दिसले, तर गोष्ट पूर्ण बदलते. हा दाहक सीएए असू शकतो. म्हणजे रक्तवाहिन्यांत साचलेल्या अमायलॉइडला शरीराने शत्रू मानलं, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार केली आणि त्या मारामारीत मेंदूला सूज आली. नेहमीच्या स्मृतिभ्रंशाची उतरण वर्षांची असते. इथे ती आठवड्यांची असते. डोकेदुखी, वागण्यात बदल, फिट, अर्ध्या बाजूची नजर जाणं, अर्धवट गुंगी, यातलं काहीही असू शकतं. मी वाचकांना एकच विनंती करेन. ज्येष्ठाची स्मृती दोन-तीन महिन्यांत झपाट्याने घसरली, तर 'वय झालं' हे उत्तर स्वीकारू नका.

या प्रकारासाठीही निकष ठरलेले आहेत. २०१६ मध्ये बॉस्टनच्याच गटाने ते मांडले: वय ४० किंवा अधिक, वरच्यापैकी एखादं तरी लक्षण, सालीच्या लगेच खालपर्यंत पोचलेली आणि दोन्ही बाजूंना सारखी नसलेली सूज, कडेला किमान एक रक्तखूण, आणि जंतुसंसर्ग किंवा गाठ नसल्याची खात्री. तुकडा काढून पक्कं निदान झालेल्या रुग्णांवर हे निकष पडताळले, तेव्हा खऱ्या रुग्णांपैकी ८२ टक्के सापडले आणि आजार नसलेल्यांपैकी ९७ टक्के योग्यरीत्या वगळले गेले. एपीओई नावाच्या जनुकाची ई-४ ही आवृत्ती आई आणि वडील दोघांकडून मिळालेल्यांमध्ये हा आजार विशेष जास्त दिसतो, त्यामुळे रक्ताची ती तपासणी संशयाला बळ देते. पण तेवढ्यावर निदान होत नाही.

पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासणं इथे महत्त्वाचं, आणि आपल्याकडे तर जास्तच. उपचार आहे स्टेरॉइड, आणि मेंदूचा टीबी ओळखायचा राहिला असताना नुसतं स्टेरॉइड दिलं तर रुग्ण आणखी बिघडू शकतो. म्हणून पाणी काढताना नातेवाईक घाबरले तरी ती पायरी गाळू नये. पाण्यात दाह किंचितच दिसतो, कधी अगदी साफही येतं. त्याने सीएए सिद्ध होत नाही, पण टीबी आणि इतर संसर्ग बाजूला करायला मोठी मदत होते. चित्र स्पष्ट असेल तर आधी औषध देऊन पाहतात आणि काही आठवड्यांनी एमआरआय पुन्हा काढतात. सूज ओसरली नाही किंवा चित्र संदिग्ध असेल, तेव्हाच मेंदूच्या आवरणाचा आणि सालीचा छोटा तुकडा तपासायला घेण्याचा विचार होतो.

स्टेरॉइड आधी शिरेतून मोठ्या मात्रेत, साधारण तीन ते पाच दिवस देतात. मग गोळ्या, आणि त्या गोळ्या महिनोन्‌महिने टप्प्याटप्प्याने कमी करत आणतात. गरज पडली तर सायक्लोफॉस्फामाइड, मायकोफेनोलेट, अ‍ॅझाथायोप्रिन अशा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची जोड देतात. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार मिळालेल्यांपैकी ९४ टक्के सुधारले, न मिळालेल्यांपैकी ५० टक्के. आजार उलटण्याचं प्रमाण उपचार घेतलेल्यांत २६ टक्के, न घेतलेल्यांत ७१ टक्के. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला हा प्रयोग नव्हता, त्यामुळे आकडे थोडे हात राखून घ्यावेत. तरी फरक एवढा मोठा आहे, की दिशा स्पष्ट होते.

आणि इथेच घरच्यांची खरी परीक्षा असते. शिक्षक पंधरा दिवसांत पेपर वाचायला लागतात, नातवाचा अभ्यास घेतात. साखर वाढते, चेहरा सुजतो, झोप उडते. मग शेजारचं कुणीतरी सांगतं, 'स्टेरॉइड वाईट असतं, बंद करा.' आणि गोळी एका दिवसात बंद होते. या आजारात स्टेरॉइड झटकन बंद केलं, की तो उलटण्याचा धोका कितीतरी वाढतो, हे अनेक देशांतल्या रुग्णांच्या नोंदींमध्ये दिसलं आहे. शिवाय बराच काळ घेतलेलं स्टेरॉइड अचानक तोडणं शरीराला एरवीही घातक असतं. साखरेला इन्शुलिन, हाडांना कॅल्शियम, पोटाला गोळी, असे त्रास एकेक करून सांभाळता येतात. मात्रा मात्र डॉक्टरांनीच उतरवायची.

हा दुर्मिळ प्रकार गेल्या काही वर्षांत अचानक जगभर चर्चेत आला, तो अल्झायमरच्या नव्या औषधांमुळे. लेकॅनेमॅब आणि डोनॅनेमॅब ही औषधं म्हणजे बाहेरून दिलेली अमायलॉइडविरोधी प्रतिपिंडंच. अमेरिकेत पहिल्याला २०२३ मध्ये आणि दुसऱ्याला २०२४ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. ती घेणाऱ्या काही जणांना अगदी तशीच सूज आणि तसेच ठिपके येतात, आणि ई-४ ची जोडी असलेल्यांत ते जास्त दिसतं. दाहक सीएएमध्ये शरीर जे आपणहून करतं, ते इथे सलाइनमधून होतं. याची चाहूल खूप आधी लागली होती. अमायलॉइडविरुद्धच्या पहिल्या लशीची चाचणी २००२ मध्ये थांबवावी लागली, कारण लस घेतलेल्यांपैकी सुमारे ६ टक्के जणांच्या मेंदूला आणि आवरणांना दाह झाला. परदेशातल्या आपल्या कुणा नातेवाइकांना ही औषधं सुचवली गेली, तर आधी एसडब्ल्यूआयवर ठिपके किती आणि एपीओई कोणतं, हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत.

घराण्यातून उतरणाऱ्या प्रकारांची गोष्ट नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर घेऊन जाते. काटवाइक हे तिथलं मासेमारीचं जुनं गाव. पिढ्यान्‌पिढ्या लग्नसंबंध जवळपासच होत आले. इथल्या काही कुटुंबांत पन्नाशीच्या आसपास मेंदूत रक्तस्राव होऊन माणसं जात, आणि गावाला ते ठाऊक होतं. १९९० मध्ये कारण सापडलं. अमायलॉइड ज्या मूळ प्रथिनातून कापलं जातं, त्याच्या जनुकात एका अक्षराचा फरक. आई किंवा वडील, एकाकडून जरी हा दोष आला तरी पुरतो. प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. जवळच्या लायडन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी या कुटुंबांसोबत खूप वर्षं काम केलं. त्यांना दिसलं, की दोष असलेल्या पण अजून पूर्ण धडधाकट माणसांना चित्रं दाखवली, तर मेंदूच्या मागच्या भागातला रक्तपुरवठा हवा तेवढा आणि हवा तितक्या लवकर वाढत नाही. पहिला रक्तस्राव व्हायच्या कितीतरी आधी भिंत ताठरलेली असते.

आइसलँडचा प्रकार याहून क्रूर आहे. तिथे साचतं ते अमायलॉइड-बीटा नव्हे, सिस्टॅटिन-सी नावाचं वेगळं प्रथिन, आणि माणसं विशी-तिशीतच दगावतात. अर्नी अर्नासन या डॉक्टरने १९३५ मध्ये अशा कुटुंबांची नोंद केली. पुढे संशोधकांनी चर्चच्या जुन्या नोंदी आणि वंशावळी चाळल्या. तेव्हा दिसलं, की एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाच दोष असलेली माणसं साठी-पासष्टीपर्यंत जगत होती आणि १९०० च्या सुमारास त्यांचं आयुष्य तिशीवर आलं. जनुक तेच, आयुष्य निम्मं. आहार आणि राहणीत झालेल्या बदलांकडे संशोधक बोट दाखवतात. मला हा इतिहास आशादायक वाटतो, कारण जे एका बाजूला झुकलं ते परत दुसऱ्या बाजूला झुकवता येईल. कफ पातळ करायला वापरतात ते एन-अ‍ॅसिटाइल सिस्टीन हे साधं औषध या रुग्णांना देऊन पाहिलं, तेव्हा त्यांच्या त्वचेच्या तुकड्यांमध्ये साचलेलं प्रथिन कमी झालेलं दिसलं. मेंदूतही तसंच होतं का, त्याचा शोध चालू आहे.

इटालियन, आयोवा, फ्लेमिश, ब्रिटिश, डॅनिश अशा नावांचे आणखी प्रकार आहेत. डॅनिश प्रकारात मोतीबिंदू आणि बहिरेपणही असतो. डाउन सिंड्रोम असलेल्यांमध्ये अमायलॉइडच्या मूळ जनुकाची एक प्रत जादा असते, म्हणून त्यांनाही हा धोका असतो. घरात दोन पिढ्यांत पन्नाशीच्या आत-बाहेर ब्रेन हॅमरेज झालं असेल, रक्तदाब फारसा नसतानाही, तर ती माहिती डॉक्टरांना आपणहून सांगा. जनुकाची तपासणी मात्र समुपदेशनाशिवाय करू नये. तिचं उत्तर एकट्या रुग्णापुरतं नसतं, ते भावंडांच्या आणि मुलांच्या ताटातही वाढलं जातं.

तिसरा प्रकार ऐकून सुरुवातीला विश्वासच बसत नाही. ब्रिटनमध्ये १९५९ ते १९८५ या काळात १,८४८ जणांना, बहुतेक उंची न वाढणाऱ्या मुलांना, मृतदेहांच्या पियुषिका ग्रंथीतून काढलेलं वाढीचं संप्रेरक टोचलं गेलं. त्यातल्या काहींना पुढे क्रुट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा प्राणघातक आजार झाला. २०१५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी अशा ३६ ते ५१ वयाच्या आठ जणांचे मेंदू तपासले. त्यातल्या चौघांत पेशींच्या मध्ये आणि रक्तवाहिन्यांत भरपूर अमायलॉइड सापडलं. या वयात ते तिथे असायला नको होतं. २०१८ मध्ये जुन्या साठ्यातल्या कुप्या तपासल्या. त्यांत दशकांनंतरही अमायलॉइड होतं आणि उंदरांना टोचल्यावर त्यांच्या मेंदूत ते पसरलं. मेंदूच्या ऑपरेशनमध्ये मृतदेहातल्या आवरणाचं ठिगळ लावलेल्या काही जणांमध्येही, तीस-चाळीस वर्षांनी, ऐन चाळिशीत हाच आजार दिसला.

म्हणून तरुण वयात कडेचा रक्तस्राव झाला, तर बालपणी मेंदूचं किंवा मणक्याचं ऑपरेशन झालं होतं का, हे आई-वडिलांना विचारावं लागतं. रुग्णाला ते आठवतही नसतं. एक गोष्ट स्पष्ट करतो: सीएए स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा सेवा केल्याने पसरत नाही. आजचं वाढीचं संप्रेरक प्रयोगशाळेत बनतं, त्यात मृतदेहाचा संबंध नाही.

दाहक प्रकारातली सूज औषधाने ओसरते; भिंतीत साचलेलं काढून टाकणारं औषध मात्र आज हाती नाही. पण हातात काहीच नाही असंही नाही. सर्वांत मोठं हत्यार रक्तदाब. पेरिंडोप्रिलवर आधारलेल्या एका मोठ्या अभ्यासात दाब कमी ठेवल्याने सीएएशी संबंधित रक्तस्राव ७७ टक्क्यांनी घटले. दाब आधीच 'ठीक' असणाऱ्यांनाही तो आणखी थोडा खाली ठेवण्याचा फायदा असतो, म्हणून घरी मशीन ठेवून नोंद करावी. सीएएने एकदा रक्तस्राव झाला, की तो पुन्हा होण्याचं प्रमाण वर्षाला साधारण ७ टक्के असतं. इतर कारणांनी झालेल्या रक्तस्रावात ते १ टक्क्याच्या आसपास.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांबद्दल मात्र सरसकट नियम नाही. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांना ती बंद केली तर गुठळीने अटॅक येऊ शकतो, चालू ठेवली तर रक्तस्राव. अशा वेळी हृदयाच्या ज्या कप्प्यात गुठळी बनते त्याची पिशवी छोट्या उपकरणाने बंद करण्याचा पर्याय असतो. स्टेंट बसवलेल्या माणसाने हा लेख वाचून अ‍ॅस्पिरिन बंद करू नये. हृदयाचे आणि मेंदूचे डॉक्टर एकाच वेळी, तीच एसडब्ल्यूआयची फिल्म समोर ठेवून बोलतील, असं बघावं. काकूंच्या मुंग्यांना बहुधा फिटचंच एखादं औषध लागू पडतं. गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही कमी कराव्यात, कारण त्यातल्या बऱ्याच रक्त थांबण्याच्या आड येतात आणि दाबही वाढवतात.

नव्या वाटांपैकी एकीकडे माझं विशेष लक्ष आहे. साचलेलं अमायलॉइड खरवडण्याऐवजी ते बनणंच कमी करायचं, असा तो विचार. मायव्हेल्सिरॅन नावाचं औषध मणक्यातल्या पाण्यात टोचतात. ते पेशीला मिळणारा 'हे प्रथिन बनव' हा निरोपच मध्ये अडवतं. सीएएच्या रुग्णांवर त्याची चाचणी चालू आहे. नेहमीच्या सीएएच्या रुग्णांबरोबरच काटवाइकच्या त्या जुन्या जनुकीय दोषाचे वारसही तीत सहभागी होत आहेत.